लिफ्टला परवाना असतो

परवा आमच्या सोसायटीच्या फळ्यावर एक नोटीस लागली. 'पार्किंगमध्ये एका सभासदाने अज्ञात प्रयोजनाची लोखंडी वस्तू ठेवल्याचे निदर्शनास आले आहे. सदर वस्तू धोकादायक नसल्याची खातरजमा होईपर्यंत लहान मुलांनी त्या बाजूस फिरकू नये.' वर जावक क्रमांक, खाली सही. माझं नाव घातलं नव्हतं, तेवढी सभ्यता पाळली होती. पार्किंगचा नंबर मात्र ठळक अक्षरात होता.

अज्ञात प्रयोजन! ज्या गृहस्थांनी ही नोटीस लिहिली, त्यांना ते प्रयोजन मी स्वतः समजावून सांगितलं होतं. उभ्या उभ्या, हाताला ग्रीस असताना, चहा गार होईपर्यंत.

वस्तू म्हणजे विंच, ड्रमवर तार गुंडाळत जड वस्तू ओढणारं यंत्र. श्रीवर्धन तालुक्यात आमची वाडी आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ त्याच पट्ट्यात किनाऱ्याला लागलं आणि आजोबांच्या हातचे साग नि ऐन आडवे करून गेलं. वाटेवरचे ओंडके निघाले. घळीत गेलेले तसेच पडलेत. ऐन कुजत चाललाय, सागाचा गाभा अजून खणखणीत आहे. एवढ्या खालून खांद्यावर आणायला गडी तयार नाहीत. चुलतभावाचा छोटा ट्रॅक्टर खाली उतरवला तर त्याला वर काढायला दुसरा ट्रॅक्टर लागेल. म्हणून ट्रॅक्टर वर कडेला उभा करायचा, तार खाली सोडायची आणि ओंडका खेचून घ्यायचा. बाहेरच्या देशांत यासाठी तयार विंच मिळतात. त्यातल्या एकाची किंमत सांगितली, तर चुलतभावाने फोनच ठेवला.

मग घरीच करायचं ठरलं. 'घरी' म्हणजे मुंबईत, कारण सामान इथे. दारूखाना म्हणजे रे रोडचा भंगारबाजार; तिथे मोडीत निघालेल्या जहाजांचं काय मिळत नाही? नांगर, साखळ्या, कप्प्या, शॅकल, बोटीवरची कमोडसुद्धा. तिथल्या दुकानदाराने माझ्याकडे मान वर करूनही पाहिलं नाही. "कितना टन खेचना है?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, आधा. त्याने आठ मिलीची तार काढून वजनकाट्यावर टाकली. या सगळ्या प्रकरणात मला विचारला गेलेला हा एकमेव शहाणा प्रश्न. कशाला, कुठे, घरच्यांना माहीत आहे का, काही नाही. रे रोड स्टेशनपर्यंत ते भेंडोळं खांद्यावर घेऊन चालताना मला त्या माणसाबद्दल अतोनात प्रेम वाटत होतं.

नागदेवीच्या हार्डवेअर बाजाराचा अनुभव निराळा. तिथे एका दुकानाने होज पाइपसाठी जे निपल दिले त्यांचा आटा विंचच्या मोटरच्या आट्याशी जुळेना. ही मोटर विजेवर नाही, ट्रॅक्टरच्या पंपाने ढकललेल्या तेलाच्या दाबावर फिरते. मोटर बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाच्या आट्याची आहे हे मी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. परत गेलो तर गल्ल्यावरचा पोरगा म्हणाला, "साहेब, थोडा जोर लावा, बसेल." हायड्रॉलिकमध्ये जोर लावून बसवलेला आटा तेल ओकतो, आणि तेही शंभराच्या वर बार दाबाने. पण हे त्याला सांगायचं म्हणजे मागे उभ्या असलेल्या पाच गिऱ्हाइकांच्या आणि दोन हातगाडीवाल्यांच्या शिव्या खायच्या.

आता जरा हिशोब, कारण तो करून मी फार खूश आहे आणि घरात कुणी ऐकून घेत नाही. ट्रॅक्टरचा पंप मिनिटाला १८ लिटर तेल ढकलतो. ते २०० सीसीच्या, म्हणजे दर फेऱ्याला २०० मिलिलिटर तेल घेणाऱ्या ऑर्बिट मोटरमध्ये सोडलं की ती मिनिटाला ९० फेरे घेते. दाब १२० बार धरला तर शाफ्टवर ३८० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर येतो. ड्रम चार इंची पाइपचा. म्हणजे तारेच्या पहिल्या थराला सव्वासहाशे किलोची ओढ, घर्षण नि गळती वजा जाता पाचशेच्या वर. तार थरावर थर चढत गेली की ड्रम जाडावतो आणि ओढ कमी होते. कमी पडलीच तर ओंडक्याला कप्पी बांधायची. ओढ दुप्पट, वेग निम्मा. तार तुटायला चार टन लागतात, आणि रिलीफ व्हॉल्व्ह १२० बारला लावलेला असल्याने मोटर हट्टाला पेटली तरी तेल आपलं मुकाट टाकीत परत जातं. शेवटचे चार-पाच वेढे ड्रमवर कायम ठेवायचे, कारण तारेचा सगळा भार तेच धरतात, क्लॅम्प नव्हे. ओढीचा बिंदू मागच्या आसाच्या खाली ठेवायचा, नाहीतर ट्रॅक्टर घोड्यासारखा पुढून उठतो. आणि खाली जाड प्लेटचं पातं, जे मातीत रुतून सगळ्यालाच धरून ठेवतं.

हे पातं मी पार्किंगमध्ये घासत बसलो होतो, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे काका आले. काका एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागातून निवृत्त झालेत. बाराही महिने हातात छत्री. ती उघडलेली मी पाहिलेली नाही. ती वस्तूंना टोचून बघण्यासाठी आहे. भाजीवाल्याचा दुधी, वॉचमनची खुर्ची, कुणाचं नवं कुरियर, सगळ्यांना एकदा ते टोक लागतं. ते माझ्या ड्रमला लागलं. टण.

"हे काय?"

"विंच, काका."

"कशासाठी?"

"ओंडके ओढायला."

काकांनी पार्किंगभर नजर फिरवली. दोन स्कूटर, एक मांजर. "कुठले ओंडके?"

"गावचे. श्रीवर्धनला."

"मग हे इथे का?"

"सामान इथे मिळतं."

"आणि ओंडके तिथे."

"हो."

काकांनी तारेच्या भेंडोळ्याला टोक लावलं. "ही किती आहे?"

"साठ मीटर."

त्यांनी मान हलवली. "नाही पोचायची. श्रीवर्धन कुठे, चेंबूर कुठे."

मला आधी वाटलं, थट्टा करतायत. पण त्या चेहऱ्यावर थट्टा कधी उगवतच नाही. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. विंच टेम्पोने गावी जाणार, ट्रॅक्टरला मागे लागणार, मग तिथले ओंडके तिथेच ओढणार. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे इथे याचं काहीच काम नाही." हे त्यांनी अशा सुरात म्हटलं की मीच कबुलीजबाब दिला आणि त्यांनी तो नोंदवून घेतला.

मग छत्री होज पाइपांकडे वळली. "हे कुठल्या टाकीला जोडणार? वरच्या की खालच्या? पाणी मुळातच तासभर येतं, तुम्हाला माहीत आहे."

"पाणी नाही लागत. तेल लागतं."

"तेल? पार्किंगमध्ये? कुठलं तेल?"

"हायड्रॉलिक. अडुसष्ट नंबर."

काका विचारात पडले. "अडुसष्टच का? पन्नासात नाही भागणार?"

यावर काय उत्तर द्यायचं? मी सांगितलं, तो तेलाच्या दाटपणाचा आकडा आहे. ते म्हणाले, "असेल, पण आकडा मोठा वाटतो." आणि त्यांनी खिशातून फोन काढून भाच्याला लावला. स्पीकरवर. भाच्याने दोन मिनिटांत शोधून सांगितलं की बारा व्होल्टचा विंच ऑनलाइन मिळतो, उद्या घरपोच. काकांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते दहावीचा निकाल लागल्यावर आमचे हेडमास्तर पाहत. मी म्हटलं, काका, तो चिखलात रुतलेली जीप काढायला असतो. दोन-चार मिनिटं ओढतो आणि मोटर तापते, मग थांबा. ओंडके ओढायचे तर दिवसभर ओढ लागते, बॅटरी मान टाकेल. काका फोनवर वाकून म्हणाले, "अरे, रिव्ह्यू कसे आहेत?" भाचा म्हणाला, चांगले आहेत. विषय संपला.

इथे माझा तोल थोडा सुटला. मी म्हटलं, "काका, तुम्ही रोज तिसऱ्या मजल्यावर जाता ती लिफ्ट म्हणजे काय? मोटर, चाक आणि तार. तोही विंचच."

"लिफ्टला परवाना असतो."

"ससून डॉकला ट्रॉलर लागतात, त्यांचं जाळं कोण ओढतं? विंच. तुमच्या ताटातली कोळंबी विंचनेच वर येते."

"आज मंगळवार आहे," काका म्हणाले. "कोळंबीचं नाव काढू नका."

मग त्यांनी शेवटचा आणि खरं तर पहिला रास्त प्रश्न विचारला. "तार सुटून कुणाला लागली तर?" मला बरं वाटलं. मी मन लावून सांगितलं की ताणलेली तार तुटली तर पाय तोडू शकते, म्हणून ओढताना तारेच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, तारेवर जड गोणपाट टाकून ठेवायचं. पण इथे तसलं काही होणारच नाही, कारण ट्रॅक्टरशिवाय हा ड्रम फिरत नाही.

"ट्रॅक्टर कुठे आहे?"

"गावी."

"इथे येणार आहे का?"

"नाही."

"लेखी द्याल?"

मी लेखी दिलं नाही, आणि नोटीस लागली. जावक क्रमांक कुठून आणला देव जाणे. सोसायटीचं जावक रजिस्टर असल्याचं सेक्रेटरींनाही ठाऊक नव्हतं.

आता ज्याचा खरोखर राग येतो ते सांगतो. माझ्या शेजारच्या जागेत एक गाडी आहे. राखाडी कव्हर घातलेली, चारही टायर जमिनीला टेकलेले, पोटाखाली मांजरीची पिल्लं. मी इथे राहायला आलो तेव्हापासून ती हललेली नाही. तिचा मागचा बंपर हातभर माझ्या हद्दीत आहे. तिच्यावर कधी नोटीस लागली नाही, कारण ती विकत आणलेली आहे आणि तिला नंबर प्लेट आहे. मालक कोण, ते ओळखलंच असेल.

माझे वडील गिरणीत फिटर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यातले ते एक. परत आत गेलेच नाहीत. नंतर कितीतरी वर्षं चाळीच्या गॅलरीत त्यांची पेटी उघडी असायची. शेजाऱ्यांचे स्टो, शिलाई मशीन, कुणाच्या सायकलचा हब. गॅलरी तीन फुटांची, त्यातून माणसं आडवी होऊन जायची, कुरकुरायची, आणि संध्याकाळी स्वतःचा मोडका पंखा घेऊन यायची. फळा तिथेही होता; त्यावर गणपतीची वर्गणी लिहायचे. आता आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्या हाताला ग्रीस दिसलं की लिफ्टमधली मंडळी भिंतीला चिकटतात. एक बाई तर परवा म्हणाल्या, "तुमच्याकडे काम करणारा माणूस नाही का?" अहो, मीच तो! पण हे बोललो असतो तर माझी आर्थिक परिस्थिती व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चेला आली असती.

असो. काल टेम्पो बोलावला. विंचचं वजन शंभर किलोच्या वर. दोन हमाल, वॉचमन आणि मी, खाली लाकडी फळी लावून ढकलत होतो. काका छत्री टेकून बाजूला उभे.

"पाचशे किलो ओढतो म्हणता," ते हमालांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मग स्वतः चढत का नाही?"

हमाल हसले. फळी सरकली, ड्रम पुन्हा खाली. दुसऱ्या खेपेला एकदाचा चढला. मी दोऱ्या आवळत असताना काका टेम्पोच्या मागे आले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ झाला.

"ही तुमची जागा आता मोकळीच राहणार ना?"

मी वळून पाहिलं. गेटमधून त्यांचा भाचा आणि आणखी एक पोरगा तीन माणसांचा सोफा घेऊन आत येत होते.