सिबिल बंद करा म्हणणाऱ्या भावास

घरच्या ग्रुपवर आठवडाभर एकच विषय: पीककर्जाला सिबिल (कर्जफेडीच्या नोंदी ठेवून स्कोअर देणारी कंपनी) नको. मुख्यमंत्री फडणवीसांनी 2025 च्या मे महिन्यात बँकांना हेच बजावलं होतं, तरी शाखेत स्कोअर बघतातच, म्हणून चुलतभाऊ तापलाय. 'ते सिबिलच बंद करा.' त्यावर बँकेतून निवृत्त झालेल्या काकांचं उत्तर, 'हप्ते वेळेवर भरले तर भीती कसली?' मला राग आला तो काकांचा.

कारण भावाने हप्ते भरलेत. ट्रॅक्टरचं कर्ज फिटलं, नो ड्यूजचा दाखला कपाटात आहे, आणि रिपोर्टवर ते खातं अजून थकीत. बँकेत विचारलं की 'वर कळवलंय.' यात शिस्त कुणाची बिघडली, काका?

इथे अमेरिकेत, न्यू जर्सीत, असं झालं की डिस्प्यूट टाकायचा, म्हणजे चुकीच्या नोंदीची तक्रार. फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट 1970 पासून आहे. ब्युरोने, म्हणजे रिपोर्ट बनवणाऱ्या कंपनीने, साधारण 30 दिवसांत शहानिशा करायची, नोंद खरी ठरली नाही तर काढून टाकायची. कर्ज नाकारलं तर कोणाचा रिपोर्ट बघून नाकारलं, तेही कळवावं लागतं. हे मी ग्रुपवर जरा तोऱ्यातच लिहिलं. भाऊ म्हणाला, 'तिकडं बसून बोलायला काय जातंय!'

सर्जिओ रामिरेझचं मात्र लिहिलं नाही. 2011 मध्ये हा माणूस कॅलिफोर्नियात गाडी घ्यायला गेला, तर त्याचं नाव सरकारच्या दहशतवाद्यांच्या यादीशी जुळत असल्याचं रिपोर्टवर आलं. खटल्यात अशा 8,185 जणांच्या फायली होत्या. 2021 मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने त्यातल्या 1,853 जणांचाच भरपाईचा दावा ग्राह्य धरला. बाकीच्यांचे रिपोर्ट कुणाकडे गेलेच नव्हते, मग नुकसान कुठलं? तो रिपोर्ट देणारी कंपनी होती ट्रान्सयुनियन. आपल्या सिबिलची मोठी मालकी तिचीच.

आणि आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. 2005 चा आहे. वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तक्रार 30 दिवसांत सुटली नाही तर पुढे दर दिवसाला 100 रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल 2024 पासून लागू आहे. बँकेने 21 दिवसांत दुरुस्ती कळवली नाही तर पैसे बँकेने द्यायचे. पुढे रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. पण ग्रुपवर मोर्चाच्या तारखा फिरतात, तक्रारीचा नंबर कुणाकडेच नाही.

मला एवढं का लागतं? मी इथे आले तेव्हा पुण्यात फेडलेलं शैक्षणिक कर्ज इथल्या कुणाच्या हिशेबी नव्हतं. डिपॉझिट ठेवून कार्ड घ्यावं लागलं, भाड्याच्या घरासाठी नवऱ्याच्या मित्राची सही. आता इथला स्कोअर उत्तम आहे आणि तिकडे माझा रिपोर्ट काढला तर 'एनएच', म्हणजे 'नो हिस्टरी', अलीकडचा इतिहासच नाही. गावच्या भांडणात मला घेत नाहीत, त्याचं दुःख त्या दोन अक्षरांनी जरा जास्तच झालं. भावाची फाइल चुकीची का होईना, आहे तरी.

परवा व्हिडिओ कॉलवर बसून त्याची तक्रार भरून घेतली, दाखल्याचा फोटो जोडला. एकतिसाव्या दिवसापासून पैसे मागायचे, असं बजावलंय. तो म्हणतो, 'शंभरात काय येतंय गं, डिझेल तरी?' नसेल येत. तरी मागायचे, आणि काकांना पावती ग्रुपवरच दाखवायची.