एकच माणूस दोन्ही करतो, म्हणून काम एक होत नाही

नमस्कार,

जनसंपर्क आणि सोशल मीडिया ही दोन वेगळी कामं आहेत, या माझ्या म्हणण्यावर इतकी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, मनापासून आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा : जनसंपर्क काय आणि सोशल मीडिया काय, कंपनीची बाजू लोकांपर्यंत पोचवायची एवढंच काम. पूर्वी वर्तमानपत्र होतं, आता फेसबुक-इन्स्टाग्राम आहे. लहान कंपनीत एकच माणूस दोन्ही बघतो, संकटात तर दोन्ही कामं एकमेकांत मिसळतातच, मग हा फरक उगाळण्यात काय अर्थ?

माणसं कमी असतील तर एकानेच दोन्ही करावं, त्यात काही वावगं नाही. पण आत्ता आपण यातलं कुठलं काम करतोय, हे त्याला पक्कं ठाऊक हवं. ते नसतं तिथे ग्राहक हकनाक दुखावले जातात, म्हणून मी यावर इतकं अडून बसते.

पीआरमध्ये, म्हणजे जनसंपर्कात, तुमच्या आणि वाचकाच्या मध्ये एक तिऱ्हाईत असतो, बातमीदार. १९०६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या गाडीला अपघात झाला, तेव्हा तिचे जनसंपर्क सल्लागार आयव्ही ली यांनी माहिती न दडवता वर्तमानपत्रांना लेखी निवेदन दिलं. प्रेस नोटची सुरुवात सहसा तिथून मानतात. व्यवहार अजून तोच आहे. माहिती तुम्ही द्यायची. छापायची की नाही आणि किती, ते संपादकीय खातं ठरवणार. तुमच्या दोन पानांतल्या चार ओळी घेतील, शिवाय प्रतिस्पर्ध्यालाही फोन करून विचारतील. पण छापून येतं त्याला वजन असतं ते याचमुळे. म्हणून पीआरवाल्याची सगळी मेहनत बातमीदारांचा विश्वास कमावण्यात आणि टिकवण्यात जाते.

सोशल मीडियावर हा तिऱ्हाईतच नाही. कोणीतरी लिहितं, "आठवडा झाला, पार्सल आलं नाही, फोन कोणी उचलत नाही." खाली कंपनीचं उत्तर : "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कृपया डीएम करा" (म्हणजे खासगी मेसेज पाठवा). पुढच्या तक्रारीखाली तेच, तिच्या पुढचीखालीही तेच. प्रेस नोटमध्ये हे वाक्य चालून गेलं असतं, तिथे ते एकदाच येतं. इथे ओळीने वाचणाऱ्या प्रत्येकाला कळतं की पलीकडे कोणी तक्रार वाचतच नाहीये. "ऑर्डर नंबर द्या, संध्याकाळपर्यंत कळवतो," आणि संध्याकाळी खरंच कळवायचं, एवढंच हवं असतं. मात्र त्यासाठी उत्तर देणाऱ्याला थेट गोदामात फोन लावून जाब विचारता आला पाहिजे. पीआरवाल्याची ओळख कंपनीबाहेर लागते, सोशल मीडियावाल्याची कंपनीच्या आत. मला सर्वांत मोठा फरक हा वाटतो, आणि तुमच्या प्रतिक्रियेत नेमका तोच निसटला आहे.

एप्रिल २०१७ मध्ये अमेरिकेतल्या युनायटेड एअरलाइन्सच्या विमानातून एका प्रवाशाला ओढत बाहेर काढलं. सहप्रवाशांनी काढलेले व्हिडिओ सगळीकडे फिरले. कंपनीप्रमुख ऑस्कर मुन्योझ यांच्या पहिल्या निवेदनाचा सूर असा, की प्रवाशांची दुसरी सोय करावी लागली याबद्दल दिलगीर आहोत. बातमीदार घटनेची माहिती काढत असताना असं जपून लिहिलेलं निवेदन वेळ मिळवून देतं. इथे लोकांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. राग आणखी भडकला आणि दुसऱ्याच दिवशी स्पष्ट शब्दांत माफी मागावी लागली. संकटात ही दोन्ही कामं एकमेकांत मिसळतात हे तुमचं म्हणणं मला मान्यच आहे. पण मिसळतात तेव्हाच कुठली भाषा कुठे चालते याचं भान सुटून चालत नाही.

काम किती झालं ते कसं मोजायचं, याबद्दल थोडंच सांगते. छापून आलेल्या बातम्यांची कात्रणं मोजून तेवढ्या जागेच्या जाहिरातीचा दर लावायचा, ही पीआरची जुनी पद्धत २०१० च्या बार्सिलोना तत्त्वांनी (पीआरचं काम कसं मोजावं याबद्दल या व्यवसायाने ठरवलेली तत्त्वं) साफ नाकारली. सोशल मीडियात आज लाइक्स मोजून तेच चाललंय. त्यापेक्षा किती तक्रारी खरोखर सुटल्या आणि किती वेळात, ते बघा.

तुमच्याकडे एकच व्यक्ती दोन्ही बघते, असं तुम्ही लिहिलंय. तिला गोदामाशी आणि हिशेब खात्याशी थेट बोलायची मुभा आहे का? तेवढं जरूर कळवा, मग पुढचं नेमकं बोलता येईल.