आग आपली, जबाबदारी दुसऱ्याची

आपल्या मालकीचे उपाहारगृह, गोदाम किंवा क्लासची जागा असेल आणि आगीच्या जबाबदारीने आपली झोप उडत असेल, तर सर्वप्रथम ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006’ वाचायचे टाळावे. वाचायला घेतला, की कलम 3 मध्येच माणूस अडतो. आगप्रतिबंधक साधने बसवणे आणि ती कायम चालू स्थितीत ठेवणे हे काम अग्निशमन दलाचे नसून जागेच्या मालकाचे किंवा भोगवटादाराचे आहे, असे तेथे स्वच्छ लिहिले आहे. हे एकदा नजरेखालून गेले, की ‘आम्हाला कल्पनाच नव्हती’ असे पत्रकारांसमोर पूर्वीच्या निरागसतेने म्हणणे जड जाते.

तरीही वाचलाच, तर जबाबदारी पुढे सरकवावी. जागा देताना करारात ‘आगीची सर्व जबाबदारी भाडेकरूची’ असे कलम घालावे. भाडेकरूने ती इंटिरियरवाल्यावर, इंटिरियरवाल्याने इलेक्ट्रिशियनवर आणि शेवटी सगळ्यांनी मिळून रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकावर टाकावी, ज्याला आग विझवण्याच्या पंपाची खोली कोठे आहे हेदेखील आजवर कोणी दाखवलेले नसते. आपसातल्या कराराने कायद्याने दिलेली जबाबदारी टळत नाही, असे वकील म्हणू लागल्यास वकील बदलावा.

दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून ‘फॉर्म बी’ घेऊन अग्निशमन दलाला सादर करावा लागतो. यंत्रणा सुस्थितीत असल्याचे हे प्रमाणपत्र आहे. ते मिळवण्यासाठी यंत्रणा सुस्थितीत असावी लागते, हा गैरसमज मनातून काढून टाकावा. व्यवहारी एजन्सी निवडल्यास तिचा माणूस काउंटरवर चहा घेतो, आग विझवण्याच्या सिलिंडरवर नव्या तारखेचे लेबल चिकटवतो आणि निघतो. सिलिंडर फ्रीजच्या मागे आहे, त्याच्या मापकाचा काटा लाल पट्ट्यात आहे आणि नळीवर वेटरचा गणवेश वाळत आहे, या गोष्टींसाठी फॉर्ममध्ये रकाना नसतो. पंप ‘ऑटो’वर ठेवला की गळक्या पाइपमुळे रात्री-अपरात्री आपोआप सुरू होतो आणि शेजारी कुरकुरतात, म्हणून तो ‘मॅन्युअल’वर ठेवून खोलीची किल्ली घरी नेणे शेजारधर्माला धरून होईल.

मागच्या दाराबाबत तर तडजोड नकोच. गिऱ्हाईक बिल न देता निसटू नये म्हणून त्याला साखळी आणि कुलूप लावावे, आणि जिन्यात सोड्याचे क्रेट रचावेत. जिन्याचे भाडे आपण भरतोच ना?

काही शंकेखोर मंडळी जुनी उदाहरणे काढतात. 18 डिसेंबर 2017 रोजी साकीनाक्याच्या खैराणी रोडवरील फरसाणाच्या दुकानाला लागलेल्या आगीत 12 कामगारांचा जीव गेला. त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, 29 डिसेंबरच्या मध्यरात्री, लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या पबमध्ये आग लागून 14 जण दगावले. त्यांतले अनेक जण जीव वाचवण्यासाठी स्वच्छतागृहात शिरले होते. यातून व्यावसायिकाने घेण्याजोगा बोध एकच आहे. दुसऱ्याच्या आगीनंतर पालिकेचा हातोडा शहरभर फिरतो, तेवढे दिवस आपल्या गच्चीवरचे बांबू आणि ताडपत्री उतरवून ठेवावी. मोहीम थंडावली, की पुन्हा चढवावी. दोऱ्या मात्र जपून ठेवाव्यात, कारण त्या दर वेळी नव्या घेणे परवडत नाही.

राहता राहिली शिक्षा. कलम 36 मध्ये 20 हजार ते 50 हजार रुपये दंड आहे, म्हणजे एखाद्या बऱ्या शनिवारच्या गल्ल्यातून भागण्यासारखा. त्याच वाक्यात सहा महिने ते तीन वर्षे कारावासही आहे, पण तो दंडाच्या आधी छापलेला असल्याने वाचन सरळ रकमेपासून सुरू करावे. माणसे मेल्यास सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होऊ शकतो, परंतु ते कलम या अधिनियमात नसल्यामुळे येथे त्याचा विचार केलेला नाही.