बदललेल्या माणसाची साक्ष कोणी द्यायची?

उपासनेत साक्ष द्यायला माणूस उभा राहतो आणि बहुतेक वेळा ती एकाच वळणाने जाते. आधी मी असा होतो, मग प्रभू भेटला, आणि त्या दिवसापासून सगळं बदललं. मंडळी 'आमेन' म्हणते. मीही म्हणतो, अगदी मनापासून. ख्रिस्त माणसाला बदलतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे, कारण त्याने मला बदललं आहे आणि अजून बदलतो आहे. म्हणूनच सांगावंसं वाटतं की साक्ष 'त्या दिवसा'पाशीच संपवून आपण बऱ्याच लोकांवर अन्याय करतो.

दिमिष्काच्या वाटेवर शौलाला, म्हणजे पुढच्या प्रेषित पौलाला, ख्रिस्त भेटला, तेव्हाचा तो प्रकाश आपल्याला पाठ असतो. त्यानंतर काय झालं, यावर मात्र क्वचितच संदेश ऐकायला मिळतो. शौल अरबस्तानात गेला, पुन्हा दिमिष्कास आला, आणि तीन वर्षांनी यरुशलेमेस गेला, असं तो स्वतः गलतीकरांना लिहितो. तिथे शिष्यांमध्ये मिळायला गेला तर सगळे त्याला भ्याले. हा शिष्य झालाय यावर कोणाचा विश्वासच बसेना. आणि का बसावा? यानेच घरोघर शिरून बायापुरुषांना ओढून तुरुंगात टाकलं होतं. शेवटी बर्णबाने त्याला बरोबर घेऊन प्रेषितांकडे नेलं आणि त्याच्या वतीने सांगितलं. पौलाची साक्ष यरुशलेमेत आधी दुसऱ्याने दिली. त्या भ्यालेल्या शिष्यांना 'तुमचा विश्वास कमी पडला' असं शास्त्रात कुठेही म्हटलेलं नाही.

आपण मात्र तसं म्हणतो. नवऱ्याने वर्षानुवर्षं छळलेल्या एका बहिणीला प्रार्थनेनंतर सांगितलेलं मी ऐकलं आहे: 'देवाने त्याला क्षमा केली, मग तू कोण धरून ठेवणारी?' हे मला सहन होत नाही. देवाची क्षमा ही जखमी माणसावर दडपण आणायचं हत्यार नव्हे. ज्याने दुखावलं त्याचा पश्चात्ताप खरा असेल, तर त्याला थांबता आलं पाहिजे. तिला विश्वास वाटेपर्यंत थांबायचं, आणि समजा कधीच वाटला नाही तरी नीट वागत राहायचं.

जक्कयाकडे बघा. यरीहोचा मुख्य जकातदार. येशूने त्याला आधी एक शब्दही सुनावला नाही, फक्त 'मला आज तुझ्या घरी उतरायचं आहे' म्हणाला. आणि हा माणूस उभा राहून काय बोलला? मला किती शांती मिळाली, हे नाही. अर्धी मालमत्ता दरिद्र्यांना, आणि ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत. आपण होऊन कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, एवढंच मोशेचं नियमशास्त्र सांगत होतं. तो त्याच्या कितीतरी पुढे गेला. कल्पना करा, ज्यांच्या हातात ते पैसे परत पडले असतील, त्यांना त्याच्या तोंडून साक्ष ऐकायची गरज तरी उरली असेल का?

आता 'अमेझिंग ग्रेस' हे गीत लिहिणारा जॉन न्यूटन. याचं उदाहरण आपण फार सोपं करून टाकलं आहे. 1748 साली भर समुद्रात वादळात सापडला, देवाचा धावा केला, वाचला. इथे गोष्ट थांबते आणि आपण टाळ्या वाजवतो. पण त्यानंतरही तो गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांवर काम करत राहिला, कप्तान झाला, 1754 पर्यंत. 1764 मध्ये पाळक झाला. त्या व्यापाराविरुद्ध त्याने उघडपणे लिहिलं ते 1788 साली, वादळानंतर चाळीस वर्षांनी. प्रार्थना करणारा माणूस जहाजाच्या तळाशी साखळ्यांनी बांधलेली माणसं घेऊन जात होता! ही गोष्ट लपवायची कशाला? उलट ती पूर्ण सांगितली पाहिजे, म्हणजे आपल्याही आयुष्यातला कुठला तळमजला अजून उघडायचा राहिलाय, हे विचारायची हिंमत होईल.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. ती उणीव त्यांना जाणवली सुमारे आठ वर्षांनी. एवढ्या विद्वान, एवढ्या धाडसी बाई, आणि किती सरळपणे सांगतात. आणि पेत्र? पवित्र आत्मा उतरला त्या पन्नासाव्या दिवशी संदेश देणारा येशूचा शिष्य पेत्र पुढे अंत्युखियात लोकांच्या भीतीने परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्यांच्या, पंगतीतून उठला, तेव्हा पौलाने त्याला तोंडावर सुनावलं.

माझ्यापुरतं सांगतो. एका नातेवाइकाने आमच्याशी जे केलं, त्याचा हिशेब मला तोंडपाठ होता. बाप्तिस्म्याच्या पाण्यात तो वाहून गेला नाही. 'प्रीती अपकार स्मरत नाही' हे वचन वाचलं की मला राग यायचा. पुढे रोजच्या प्रार्थनेत त्याचं नाव घ्यायला लागलो. सुरुवातीला नुसतं नाव, त्यापुढे शब्दच येत नसत. मग हळूहळू त्याच्या मुलांसाठी, त्याच्या दुखण्यासाठी मागू लागलो. एक दिवस बायको म्हणाली, "तुम्ही हल्ली त्यांचा विषय काढत नाही." माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. पवित्र आत्म्याने काय केलं, ते मला तिच्याकडून कळलं.

गलतीकरांच्या पत्रातली आत्म्याची फळं या नजरेने पुन्हा वाचून बघा. सहनशीलता, ममता, चांगुलपणा, सौम्यता. यातलं एकही फळ माणसाला एकट्याने खोलीत बसून दाखवता येत नाही. मी सौम्य झालो की नाही, हे माझी मुलं सांगतील, माझ्या हाताखाली काम करणारे सांगतील.

आमच्या ओळखीतला एक तरुण दारूतून सुटला. महिन्याभरात त्याला साक्षीसाठी इथून तिथे फिरवायला सुरुवात झाली. पुढे तो पुन्हा घसरला, आणि ज्यांनी त्याला व्यासपीठावर चढवलं होतं त्यांनीच त्याच्याकडे जाणं सोडलं. आता तो उपासनेला येत नाही. त्याला वाटतं, आपली साक्ष खोटी ठरली, म्हणजे प्रभूही आपल्याला सोडून गेला.

पाळकांना माझी कळकळीची विनंती आहे. नव्या विश्वासणाऱ्याच्या हातात लगेच माईक देऊ नका. त्याला एखादा बर्णबा द्या, जो आठवड्यातून एकदा त्याच्या घरी जाईल, त्याच्या बायकोला 'कसं चाललंय?' विचारेल आणि तिचं उत्तर खरं मानेल. आणि घसरलेल्या माणसाकडे पुढच्या रविवारची वाट न बघता आधी जा.