पत्रपेटीवरचे नाव

जर्मनीत शिकायला येऊ घातलेले विद्यार्थी मला मेसेज करून बहुतेक दोनच प्रश्न विचारतात: जर्मन भाषा कितपत यायला हवी आणि पार्टटाइम काम लगेच मिळते का. दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. मात्र ज्या प्रश्नापायी माझे पहिले दोन महिने वाया गेले, तो प्रश्न अजून कोणीही विचारलेला नाही. मी ज्या खोलीत उतरणार आहे, त्या पत्त्यावर माझी नोंदणी होईल का?

नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत नागरिक कार्यालयात जाऊन पत्त्याची नोंद करायची, असा येथे कायदा आहे. या नोंदणीला आनमेल्डुंग म्हणतात. १ नोव्हेंबर २०१५ पासून लागू असलेल्या नियमानुसार त्यासाठी घर देणाऱ्याचे सही केलेले पत्रही लागते. नुसता भाडेकरार दाखवून काम होत नाही. नोंदणी झाल्याचे प्रमाणपत्र हाती आले की पुढची दारे उघडतात. आयकर क्रमांक आपोआप टपालाने येतो आणि निवास परवान्याचा अर्ज मार्गी लागतो. माझ्या बाबतीत तर बँकेनेही खाते उघडण्याआधी हेच प्रमाणपत्र मागितले. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (राहण्याच्या खर्चाची हमी म्हणून आधीच पैसे भरून ठेवायच्या खात्यात) अडकवलेल्या पैशांतून (सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो) दरमहा ९९२ युरो सुटतात, पण ते जमा व्हायला चालू खाते हवे. थोडक्यात, स्वतःचेच पैसे असूनही पत्ता नसेल तर दमडीही हाती येत नाही.

मी नेमकी येथेच फसले. सुट्टीवर गेलेल्या एका विद्यार्थ्याची खोली मी सहा आठवड्यांसाठी घेतली. भाडे कमी होते, विद्यापीठ चालत दहा मिनिटांवर होते आणि फोनवरचे बोलणेही अगदी सौजन्याचे झाले होते. नोंदणीचे पत्र मागितल्यावर मात्र त्याने सांगितले की, घरमालकाला न विचारताच त्याने खोली दिली असल्यामुळे ते मिळणे शक्य नाही. भाडे कमी का होते, याचा उलगडा मला तेव्हा झाला. पुढचे सहा आठवडे मी बरोबर आणलेल्या रोख रकमेवर काढले आणि एकीकडे व्याख्याने, तर दुसरीकडे खोलीचा शोध, अशी धावपळ केली.

दुसऱ्या घरी नोंदणी झाली, तेव्हा सगळे सुरळीत झाले असे मला वाटले होते. बँकेचे कार्ड आणि त्याचा पिन वेगवेगळ्या पाकिटांतून येणार होते. दोन आठवडे झाले तरी दोन्हींपैकी काहीच आले नाही. शेवटी तळमजल्यावरच्या आजींनी मला हाताला धरून दारातल्या पत्रपेट्यांपाशी नेले. येथील पत्त्यात सहसा फ्लॅटचा क्रमांक नसतो. पोस्टमन पाकिटावरचे आडनाव पेटीवरच्या आडनावाशी जुळवून पाहतो आणि ते जुळले नाही तर पत्र परत नेतो. आमच्या पेटीवर माझ्या दोन सहरहिवाशांची नावे होती, माझे नव्हते. आजींनी घरातून कागदाची पट्टी, मार्कर आणि चिकटपट्टी आणली. मी लिहिलेले पूर्ण नाव पाहून त्यांनी मान हलवली आणि फक्त आडनाव, तेही मोठ्या अक्षरांत, पुन्हा लिहायला लावले.

त्या पट्टीनंतर माझ्या नावाने आलेले पहिले पत्र बँकेचे नव्हते, तर महिना १८.३६ युरो प्रसारण शुल्क, म्हणजे रेडिओ-टीव्हीसाठीची वर्गणी, मागणारे होते! सुदैवाने हे शुल्क माणशी नसून घरटी असते आणि सहरहिवासी ते आधीच भरत होता, त्यामुळे त्याच्या शुल्कखात्याचा क्रमांक कळवून माझी सुटका झाली.

'जर्मन लोक कागदांचे वेडे' हा शेरा आपल्या मंडळींच्या तोंडी फार असतो. मला तो अर्धाच पटतो. एकदा नोंदणी झाली की तोच एक कागद सगळीकडे चालतो, आणि कोणाच्या ओळखीवाचून सामान्य विद्यार्थ्याचे काम होते. माझी तक्रार आहे ती नोंदणी न देता खोल्या भाड्याने लावणाऱ्यांबद्दल, आणि तितकीच प्रवेशाचे मार्गदर्शन करणाऱ्यांबद्दल. त्यांचे मार्गदर्शन व्हिसाचा शिक्का बसला की संपते. घरच्या आठवणीने जीव कासावीस होतो, यावर सगळेच बोलतात. परंतु मला घर सर्वांत जास्त आठवले ते कार्यालयाच्या खिडकीवरून रिकाम्या हाती परतलेल्या दिवशी. परीक्षेत नापास झाले त्या दिवशीही इतके आठवले नव्हते.

म्हणून आता मला विचारणाऱ्या प्रत्येकाला मी खोलीसाठीच्या पहिल्याच ईमेलमध्ये दोन वाक्ये लिहायला लावते: नोंदणीचे पत्र मिळेल का, आणि पत्रपेटीवर माझे नाव कोणत्या तारखेपासून लागेल. गेल्या आठवड्यात एका मुलीला उत्तर आले की, नाव खुशाल लावा, नोंदणी मात्र नको. तिने ती खोली नाकारली. सध्या ती एका हॉस्टेलमध्ये सहा जणींच्या खोलीत राहते आहे आणि रोज संध्याकाळी मला नव्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट पाठवते आहे.