लंडनचे मनोरे आणि आपली गल्ली : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

बेळगावातल्या शहापूरहून, ‘एक शहापूरकर’ अशी सही करून तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. रागावून लिहिलीत, पण लेख शेवटपर्यंत वाचून लिहिलीत, त्याबद्दल आधी आभार.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. पीटर रीस हे १९८५ ते २०१४ ‘सिटी ऑफ लंडन’चे, म्हणजे लंडनच्या मूळ जुन्या पेठेचे, मुख्य नियोजन अधिकारी होते. त्यांच्यावर मी मागच्या महिन्यात लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं असं : सेंट पॉल कॅथेड्रल या घुमटाच्या जुन्या चर्चच्या शेजारी काचेचे मनोरे येऊ देणाऱ्या माणसाचं कौतुक, जुन्या घरांसाठी हळहळणाऱ्या माझ्यासारख्यानं करावं हे पटत नाही. शिवाय लंडनकडे पैसा आहे, बेळगावला त्या गोष्टीचा काय उपयोग? आणि शेवटी विचारलंत, ‘तुमचे हे विलायती नियम इथं आले तर मला माझ्या दोन मुलांसाठी घरावर दोन मजले चढवता येतील का?’

आधी माझ्याकडून राहिलेली गोष्ट. ‘वॉकी टॉकी’ म्हणून ओळखली जाणारी फेनचर्च स्ट्रीटवरची इमारत मी लेखात घेतलीच नाही. ती घ्यायला हवी होती. १६० मीटर उंच, वर जाईल तशी रुंद होत गेलेली, आणि इतर मनोऱ्यांच्या घोळक्यापासून बाजूला एकटी उभी. २०१३ च्या उन्हाळ्यात तिच्या आत वळलेल्या काचेवरून परावर्तित झालेल्या उन्हानं खाली रस्त्यावर लावलेल्या गाडीचे भाग वितळले. २०१५ मध्ये तिला ब्रिटनमधल्या सर्वांत वाईट नव्या इमारतीचा ‘कार्बंकल कप’ मिळाला. रीस यांचा या इमारतीला पाठिंबा होता. वरची बाग लोकांना फुकट खुली आहे, हे खरं असलं तरी इमारत चुकीच्या जागी आहे असंच माझं मत आहे. मूळ लेखात हा परिच्छेद आज घालतो आहे.

पण ‘मनोरे त्यांनी उभे केले’ हे मात्र बरोबर नाही. अधिकारी शिफारस करतो, मंजुरी निवडून आलेल्यांची समिती देते. १८३ मीटरचा नॅटवेस्ट टॉवर तर ते खुर्चीत बसायच्या पाच वर्षं आधी, १९८० मध्येच पुरा झाला होता.

मला त्यांच्या कामात जे मोलाचं वाटतं ते मनोऱ्यांची उंची नव्हे, तर त्यांच्याही आधीपासूनचा एक नियम सांभाळणं. १९३३ मध्ये थेम्स नदीच्या बाजूला टेलिफोन एक्स्चेंजची फॅराडे बिल्डिंग उभी राहिली आणि पलीकडच्या काठावरून कॅथेड्रल झाकलं जायला लागलं. तेव्हा कॅथेड्रलच्या देखभालीचं काम पाहणारे गॉडफ्रे ॲलन यांनी माणूस नदीकाठी, पुलांवर कुठं उभा राहतो आणि तिथून घुमट कसा दिसतो, इथून सुरुवात केली. त्या नजरेच्या रेषा खाली आणून, कोणत्या जागेवर इमारत कुठवर चढली तर चालेल, याचा चौकटींचा नकाशाच तयार झाला. १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून तो पाळला जातो, आणि सुरुवातीची कितीतरी वर्षं तो कायदा नव्हता, आपसातली समजूत होती. बिल्डर जमीन घ्यायच्या आधीच त्याला आकडा माहीत असायचा. तीस वर्षं लोकांच्या घरांचे प्लॅन काढण्यात घालवलेल्या माझ्यासारख्या ड्राफ्ट्समनला विचाराल तर या एका गोष्टीनं निम्मी भांडणं मिटतात.

रीस यांच्या काळात परीक्षा कठीण झाली. १९८६ मध्ये शेअर बाजारावरची बंधनं उठली, बँकांना मोठी ऑफिसं हवी झाली, आणि पूर्वेला कॅनरी व्हार्फ ही ऑफिसांची नवी वसाहत त्यांना बोलावत होती. नाही म्हटलं असतं तर पेठ ओस पडली असती. त्यांनी उंच इमारती पूर्वेच्या एका कोपऱ्यात, नजरेच्या रेषा कमीत कमी आडव्या जातात तिथं, एकत्र आणायचं धोरण धरलं. लेडनहॉल स्ट्रीटवरची २२५ मीटरची इमारत बघा. तिची एक बाजू वर जाताना मागे कलत जाते, कारण सरळ बांधली असती तर फ्लीट स्ट्रीटवरून चालत येणाऱ्याला ती घुमटाच्या मागे डोकावताना दिसली असती. वरच्या मजल्यांवरची, म्हणजे सर्वांत महाग भाड्याची जागा सोडून दिली, ती रस्त्यावरच्या पादचाऱ्यासाठी.

आणि बोळ राहिले. १६६६ च्या आगीनंतर क्रिस्टोफर रेन यांनी सरळ रुंद रस्त्यांचा आराखडा दिला होता, तो बाजूला पडला आणि बरेचसे रस्ते जुन्याच रेषांवर राहिले. आजही मनोऱ्यांच्या पायथ्याशी दोन माणसं जेमतेम जातील अशा वाटा आहेत. आपल्याकडे आधी गल्ली कापायचं ठरतं आणि मग तिच्यात काय उभं राहील ते नशिबावर सोडतात.

आता बेळगाव. तुम्ही म्हणता, त्यांच्याकडे पैसा आहे. कुठून काय दिसायला हवं हे ठरवायला पैसा लागत नाही हो, चार शहाण्या माणसांना संध्याकाळी फिरायला बाहेर काढावं लागतं. लंडनच्या रिचमंड पार्कमधल्या एका टेकाडावरून झाडीत राखलेल्या फटीतून सोळा किलोमीटरवरचा सेंट पॉलचा घुमट दिसतो, आणि ती रेषा राखीव आहे. आमच्या वडगावातल्या गच्चीवरून येळ्ळूरचा राजहंसगड दिसायचा. अंतर तर त्याहून कमीच. दसऱ्याला वडील आम्हा भावंडांना गच्चीवर नेऊन गड दाखवायचे. आता तिथं पाण्याच्या टाक्या आणि एका कॉम्प्लेक्सचा जिना दिसतो. केंद्राच्या संरक्षित स्मारकांसाठी २०१० च्या कायदादुरुस्तीनं १०० मीटरपर्यंत बांधकामबंदी आणि पुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगीची अट घातली आहे. ती हवीच. पण तो नियम जमिनीवरचं अंतर मोजतो. बेळगावच्या किल्ल्यात ८०० वर्षांची कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, उभी आहे. तिच्या भिंतीपासून नव्या बांधकामानं किती लांब राहायचं ते ठरलं आहे. पण किल्ला तळ्याच्या काठावर बसलेल्या माणसाला तटावर आकाश किती दिसावं, हे कोणत्याही नकाशावर मी पाहिलेलं नाही. आणि नकाशा हरकतींसाठी लावला जातो तेव्हा तो कानडीत असतो. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांना तो वाचून दाखवायला शाळेतली पोरं बोलवावी लागतात. हरकतीची मुदत त्यातच जाते.

माझा राग उंचीवर नाही, हे तुम्हाला पटावं म्हणून घरचं सांगतो. आमच्या घराला लागून पाच मजली इमारत झाली. मंजूर प्लॅनवर आमच्या बाजूला मोकळी जागा दाखवली आहे. जागेवर हात जायला फट नाही. २०१९ च्या ऑगस्टमधला पाऊस तुम्हीही पाहिला आहे. त्यांच्या स्लॅबचं सगळं पाणी एका पाइपातून आमच्या कौलांवर पडत होतं. तिसऱ्या रात्री माजघराची मातीची भिंत आत बसली. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा माग होता, त्यावर चढवलेल्या साडीचा ताणा चिखलात गेला. ती इमारत तीन मजली असती तरी हेच झालं असतं. आज तिच्यातले निम्मे फ्लॅट कुलूपबंद आहेत, घेणारे पुण्यात नाहीतर आखातात. रीसही अशा, राहण्यापेक्षा पैसे गुंतवायला घेतलेल्या घरांच्या मनोऱ्यांवर उघड टीका करत आले आहेत, हे त्यांच्या विरोधकांनीही वाचावं.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर : हो, दोन मजले खुशाल चढवा. मुलं गल्लीत राहणार असतील तर गल्लीला त्याहून चांगलं काय हवं? शहापुरातली घरं भिंतीला भिंत लावून आहेत, म्हणून तीन गोष्टी सांभाळा. जुन्या मातीच्या भिंतींवर स्लॅब टाकू नका, पायापासून आरसीसी कॉलम घ्या. मधला चौक बुजवून खोली काढू नका, तुमच्या घरात उजेड आणि वारा तिथूनच येतो. आणि पावसाचं पाणी स्वतःच्या हद्दीत उतरवा, त्यासाठी आतल्या अंगाला दीड फूट जागा सोडा. पुढचा सोपा, म्हणजे ओसरी, आहे तशी ठेवता आली तर बघा, वरचे मजले थोडे मागे घेतले की रस्त्यावरून घर पूर्वीसारखंच दिसतं. घराची मापं, रस्त्याची रुंदी आणि उताऱ्याची प्रत पाठवलीत तर कच्चा प्लॅन मी काढून देतो. पैसे नकोत. फक्त काम सुरू करायच्या आधी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना तो दाखवा, आणि त्यांच्यापैकी कुणी काही म्हणालं तर तेही मला कळवा.