मिठाला पाणी सुटलं म्हणून सैतान पळत नसतो

गेले पंधरा दिवस आमच्या वसईतल्या कॅथलिक घरांत एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तीन ग्रुपवरून आला, तिन्ही वेळा डिलीट केला. पण तो मावशीपर्यंत पोचला आणि मावशीने तो नुसता वाचला नाही, तर त्यात लिहिलंय तसं सगळं केलं. त्यामुळे हे चिडून लिहितोय, आधीच सांगून ठेवतो.

मेसेज थोडक्यात असा. पोप तेरावे लिओ यांना 1884 साली मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) संपताना सैतान दिसला, म्हणून त्यांनी मिखाएल महादूताची एक ‘पॉवरफुल’ प्रार्थना लिहिली आणि 1965 नंतर ख्रिस्तसभेने (म्हणजे कॅथलिक चर्चने) ती ‘दाबून टाकली’. ती आता रात्री तीन वाजता नऊ दिवस म्हणायची, घराच्या चार कोपऱ्यांत वाटीत मीठ ठेवायचं, मीठ विरघळलं की वाईट शक्ती त्यात ओढली गेली. घरात कुणाला फिट येत असेल तर नऊ दिवस गोळ्या बंद ठेवून त्याच्या डोक्यावर हात ठेवून खाली दिलेली मोठी प्रार्थना वाचायची. संत बेनेडिक्टचं मेडल (वाइटापासून रक्षण व्हावं म्हणून गळ्यात घालतात ते पदक) उलटं घातलं तर उलटा परिणाम. आणि शेवटी ते नेहमीचं, 11 घरांना पाठवा.

मिठाचं आधी उरकतो. अहो, वसईत जुलै महिन्यात मीठ विरघळणार नाही तर काय होणार? ज्या गावाने पिढ्यान् पिढ्या मिठागरं बघितली, जिथे पावसाळ्यात मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकावे लागतात, तिथल्या बाईने वाटीतलं पाणी बघून मला फोन करावा, “बघ रे, किती होतं घरात!” मावशी, घरात दमट हवा होती. गॅलरीतली वाटी सगळ्यात आधी भरली आणि कपाटामागची शेवटपर्यंत कोरडी राहिली, यावरूनच कळायला हवं होतं. हां, फादर मीठ आणि पाणी आशीर्वादित करतात, ही ख्रिस्तसभेची जुनीच रीत आहे, ते नाकारत नाही. पण तिथे देवाकडे आशीर्वाद मागतात, वाटीत सैतान किती जमला ते मोजत नाहीत.

आता ती ‘दाबलेली’ प्रार्थना. इथे अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. साध्या मिस्सानंतर गुडघे टेकून म्हणायच्या प्रार्थनांत 1886 मध्ये मिखाएल महादूताची छोटी प्रार्थना घातली गेली, आणि मार्च 1965 पासून त्या सगळ्याच प्रार्थना तिथून काढल्या. पण मिस्सानंतर म्हणणं थांबलं म्हणजे बंदी आली का? पोप दुसरे जॉन पॉल यांनी 24 एप्रिल 1994 ला जाहीरपणे सांगितलं की ही प्रार्थना विसरू नका, म्हणत राहा. पोप फ्रान्सिस यांनी तर 2018 मध्ये सांगितलं की ऑक्टोबरभर जपमाळेच्या शेवटी ती रोज म्हणा. पोप स्वतः म्हणा म्हणून सांगून गेले आणि आमच्या ग्रुपवर ती ‘लपवलेली’! दर्शनाची गोष्ट मी लहानपणापासून ऐकतोय, छान आहे, पण लिओ 1903 मध्ये वारले आणि ती कागदावर आली त्यानंतर कित्येक वर्षांनी.

खरी गोम त्या ‘मोठ्या प्रार्थने’त आहे. ती 1886 ची नव्हेच. तो 1890 मध्ये लिओंनीच काढलेला, बिशपांनी आणि बिशपांची परवानगी असलेल्या धर्मगुरूंनी वापरायचा अपदूत (सैतान) काढण्याचा विधी आहे. मेसेजवाल्याने दोन्ही एकाखाली एक चिकटवलेत, वर पोपचा फोटो, झालं. आता हे नीट वाचा. 29 सप्टेंबर 1985 ला व्हॅटिकनने जगातल्या बिशपांना पत्र पाठवलं, त्यावर सही कार्डिनल रात्झिंगर यांची, म्हणजे जे पुढे पोप सोळावे बेनेडिक्ट झाले. त्यात स्पष्ट लिहिलंय की लिओंच्या या विधीतला मजकूर प्रापंचिकांनी, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या साध्या भाविकांनी, वापरायचा नाही, अख्खा विधी तर नाहीच. तारीख बघा, मिखाएल महादूताचाच सण! आणि त्याच पत्राच्या शेवटी हेही आहे की वाइटापासून सुटका मागणं मात्र सोडू नका, येशूने शिकवलंय तसं मागा. म्हणजे ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ची शेवटची ओळ. जी मावशीला चार वर्षांची असल्यापासून पाठ आहे.

माझा राग गोळ्यांवरून आहे. मावशीचा नातू चौदा वर्षांचा, त्याला फिट येते, तीन वर्षं गोळ्या चालू आहेत आणि वर्षभरात एकदाही आली नव्हती. मी रविवारी गेलो तर गोळ्यांची स्ट्रिप घरातल्या अल्तारावर, मरियामातेच्या पुतळ्यामागे ठेवलेली, बुधवारपासूनच्या सगळ्या गोळ्या जशाच्या तशा. मुलगा रात्री तीनला उठवल्यामुळे डोळे तारवटून बसलेला. फिटच्या गोळ्या अचानक बंद केल्या की फिट परत येऊ शकते, कधी कधी थांबतच नाही आणि जीवही जाऊ शकतो. आणि अपुरी झोप ही फिट यायला अजून एक निमित्त. म्हणजे मेसेजने एका दमात दोन्ही करून ठेवलं!

हे जर्मनीत घडून गेलंय. ॲनेलीझ मिशेल नावाची मुलगी, कॉलेजात शिकणारी, तिला अपस्मार, म्हणजे हाच फिटचा आजार होता. बिशपच्या परवानगीने दोन धर्मगुरूंनी दहाएक महिन्यांत 67 वेळा विधी केला, डॉक्टर बंद, खाणं बंद. 1 जुलै 1976 ला ती गेली तेव्हा वजन सुमारे 30 किलो. 1978 मध्ये कोर्टाने आईवडील आणि दोन्ही धर्मगुरू, चौघांनाही निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूबद्दल दोषी ठरवलं. तिथे तर बिशपची परवानगी होती, इथे फक्त व्हॉट्सॲप आहे. आणि कॅथलिक धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात (परिच्छेद 1673) साफ लिहिलंय की असा विधी करण्याआधी हा आजार तर नाही ना याची खात्री करा, आजार हा डॉक्टरांचा विषय.

रात्रीचे तीन सिनेमांनी गाजवलेत, प्रार्थनापुस्तकाने नाही. ख्रिस्तसभेच्या झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत ‘या घराला भेट दे, शत्रूचे सापळे दूर कर, तुझे दूत इथे राहोत’ असं सुंदर मागणं आहे, ते म्हणून दहाला झोपावं. मेडल कसंही घाला, त्यावर ‘मागे हो सैताना’ची अक्षरं आहेत, स्विच नाही.

मावशी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मंगळवारी तिचाच फोन आला, “गोळी नवाला दिली, डॉक्टरला पण विचारलं. पण मिखाएलाची म्हणू की नको?” म्हटलं, छोटी रोज म्हण, नातवालाही शिकव. आणि वाट्या धुवून टाक.